भाटकारच अध्यक्ष झाला तर? लिव्हरपूलच्या जॉन हौल्डिंगची गोष्ट आणि आपल्या संस्थांच्या जागा



या गटावर आपण सगळे जुन्या आठवणी लिहितो. कुणी इंदूरच्या गल्लीतल्या, कुणी बडोद्याच्या वाड्यातल्या, कुणी बेळगावच्या. आज मी आठवण थोडी आणि मत जास्त लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मत आधीच सांगून टाकतो. संस्थेला जागा देणारा, संस्थेला कर्ज देणारा आणि संस्थेचा अध्यक्ष, या तीन खुर्च्या वेगळ्या असायला हव्यात. एकच माणूस तिन्हींवर बसला की तो कितीही भला असो, आज नाही तर वीस वर्षांनी भांडण होणारच. आणि भांडण झालं की सभासद त्याला चोर ठरवून मोकळे होतात, तेही मला पटत नाही. जागेचं भाडं घेणं आणि पैशाचं व्याज घेणं हे पाप नव्हे. मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो तेव्हा राष्ट्रीयीकरणाला चार वर्षं झाली होती, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत व्याज लावण्याचंच काम केलं. त्यामुळे व्याज हा शब्द मला शिवीसारखा वाटत नाही.

हे आज लिहायचं कारण आमच्या गावचं वाचनालय. नाव लिहीत नाही, गावातले ओळखतील, बाकीच्यांना गरज नाही. गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं तेव्हा मराठी पुस्तक जपायला ज्या काही संस्था गावोगाव उभ्या राहिल्या, त्यातली ही एक. जागा गावातल्या एका घराण्याची. त्यांच्या आजोबांनी ती तोंडी दिली. पुढे छप्पर गळायला लागलं तेव्हा त्याच घराण्याने पैसे घातले. ते देणगी म्हणून की उसने म्हणून, याचा ठराव वहीत नाही. तीन पिढ्या अध्यक्ष त्याच घरातला. आता नातू म्हणतो, भाडं वाढवून द्या, नाहीतर जागा रीतसर विकत घ्या. झालं, दोन तट पडले. एक तट म्हणतो, "दिलेलं दान परत मागतो, लाज नाही वाटत?" दुसरा म्हणतो, "त्यांच्याशी वाकडं नको, ते म्हणतील तसं करा, नाहीतर कुलूप लागेल." पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे.

मला दोन्ही तट पटत नाहीत. का, ते एका फुटबॉल क्लबाच्या मालकाच्या चरित्रावरून सांगतो. गोव्यातला माणूस फुटबॉलवर आला तर नवल नाही. आमचा नातू लाल शर्ट घालून रात्री जागून लिव्हरपूलचे सामने बघतो. त्या लिव्हरपूलचा जन्मच मुळी भाड्याच्या आणि व्याजाच्या भांडणातून झाला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "आजोबा, तुम्हाला सगळीकडे बँकच दिसते." दिसते खरी.

तर जॉन हौल्डिंग. जन्म १८३३, लिव्हरपूल शहरात. बाप गवळी, शहरात गायी ठेवून दूध विकणारा. पोरगा लहानपणीच शाळा सोडून कामाला लागला. पुढे एका दारूच्या भट्टीत, म्हणजे बिअर गाळण्याच्या कारखान्यात, धंदा शिकला आणि मग स्वतःचा कारखाना काढला. पैसा आला. स्टॅन्ली पार्कसमोर मोठं घर बांधलं. १८८४ मध्ये नगरपालिकेत निवडून गेला. पक्ष कॉन्झर्व्हेटिव्ह. एव्हर्टन भागात त्याचं इतकं वजन की लोक त्याला 'एव्हर्टनचा किंग जॉन' म्हणत. आपल्याकडे प्रत्येक गावात असा एकजण असतो. देवळाच्या कमिटीत तो, शाळेच्या कमिटीत तो, पंचायतीत तो, आणि कुणाच्या मुलीचं लग्न अडलं तर पैसे देणाराही तोच.

आता क्लब. एव्हर्टन भागात सेंट डोमिंगो नावाचं मेथॉडिस्ट पंथाचं प्रार्थनामंदिर होतं. तिथल्या पोरांनी १८७८ मध्ये संघ काढला, पुढच्या वर्षी त्याचं नाव एव्हर्टन ठेवलं. सार्वजनिक बागेत खेळायचे. गर्दी व्हायला लागली तशी बंदिस्त मैदानाची गरज पडली, कारण बागेत तिकीट लावता येत नाही. १८८३ मध्ये एका सद्गृहस्थाने आपली जागा दिली, पण प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला कंटाळून एका हंगामातच निघा म्हणाला. मग १८८४ मध्ये हौल्डिंगने पुढाकार घेतला आणि ऑरेल नावाच्या दुसऱ्या भट्टीवाल्याची अ‍ॅनफिल्डची जमीन मिळवून दिली. पुढच्याच वर्षी ती जमीन हौल्डिंगने स्वतः विकत घेतली आणि क्लबचा जमीनमालक झाला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे जमीनमालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या भाटात घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. मुंडकाराला भाटकाराने मनात येईल तेव्हा हाकलू नये म्हणून १९७५ मध्ये कायदा करावा लागला. तर एव्हर्टन क्लब हा हौल्डिंगचा मुंडकार झाला असं समजा, आणि तिथे असा काही कायदा नव्हता.

त्या काळात फुटबॉल झपाट्याने बदलत होता. १८८५ मध्ये खेळाडूंना पगार देणं अधिकृत झालं. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून लीग सुरू केली, त्यात एव्हर्टन होता. १८९०-९१ चा हंगाम एव्हर्टनने जिंकला, म्हणजे अ‍ॅनफिल्डवर पहिलं विजेतेपद आलं ते एव्हर्टनचं. तिकिटाचे पैसे यायला लागले. पगारी खेळाडू आले म्हणजे दर आठवड्याचा खर्च आला, आणि पाऊस पडला, प्रेक्षक आले नाहीत तरी पगार द्यावाच लागतो. खर्च ठरलेला आणि उत्पन्न हवामानावर, अशा धंद्याला खेळतं भांडवल लागतं. ते कोण देणार? त्या काळच्या कुठल्याही मॅनेजरने फुटबॉल क्लबाला कॅश क्रेडिट दिलं असतं असं मला वाटत नाही, मीही दिलं नसतं. तारण काय, अकरा माणसं आणि एक चेंडू? तेव्हा हौल्डिंगने दिलं. हे विसरता कामा नये.

पण फुकट दिलं नाही. कर्जावर व्याज लावलं. जमिनीचं भाडं सुरुवातीला वर्षाला १०० पौंड होतं, ते १८८९-९० पर्यंत २५० पौंडांवर गेलं. शिवाय त्याचं सँडन नावाचं हॉटेल मैदानाजवळच होतं. खेळाडू तिथे कपडे बदलत, क्लबच्या बैठका तिथे होत, आणि सामना बघायला आलेली गर्दी तिथे बिअर पीत. पुढे जो नवा करार आला, त्यात मैदानावर खाण्यापिण्याचं विकण्याचा हक्क फक्त आपल्याला हवा, असंही त्याने मागितलं. आणि क्लबचा अध्यक्ष कोण? तोच.

आता जरा हिशेब करू, जुनी खोड. सभासद म्हणत होते की भाडं लुटारू आहे. चार-पाच वर्षांत अडीचपट वाढ, ऐकायला भयंकर वाटतं. पण पुढे भांडण झाल्यावर याच सभासदांनी जवळच जी दुसरी जमीन विकत घेतली, तिला ८,०९० पौंड मोजले. २५० ला ८,०९० ने भागा. शेकडा तीनच्या थोडं वर येतं. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, ब्रिटिश सरकारने आपल्या रोख्यांवरचं व्याज तीनवरून पावणेतीन टक्क्यांवर आणलं होतं. म्हणजे सरकारी रोख्यापेक्षा पाव-अर्धा टक्का जास्त. जमिनी दोन वेगळ्या आहेत आणि दुसरी तर पडीक होती, हे मान्य. हा हिशेब तंतोतंत नाही. पण यात दरोडा कुठे दिसत नाही. सुरुवातीचे १०० पौंडच स्वस्त होते असं माझं मत. स्वस्त भाड्याची सवय लागली की रास्त भाडं सुद्धा अन्याय वाटायला लागतो. बँकेत सवलतीच्या दराची मुदत संपली की कर्जदार असाच तावातावाने काउंटरवर यायचा.

मग सभासद चुकीचे होते का? नाही. रक्कम फार नव्हती, पण ती ठरवत कोण होतं ते बघा. भाडं मागणारा हौल्डिंग आणि क्लबच्या वतीने भाडं मान्य करणारा अध्यक्षही हौल्डिंग. कर्ज देणारा तो, कर्ज घ्यावं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत मुख्य खुर्चीवर तो, आणि बैठक भरते ती त्याच्याच हॉटेलात. अशा वेळी २५० काय, दीडशे पौंड भाडं असतं तरी संशय आलाच असता. संशय आला की आकडे कुणी बघत नाही. आमच्या बँकेत साधा नियम होता. स्वतःच्या नातेवाइकाचं कर्ज स्वतः मंजूर करायचं नाही, फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची. नातेवाईक लबाड असतो म्हणून नव्हे. उद्या कर्ज बुडलं तर, आणि नाही बुडलं तरीही, आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून.

१८९१ मध्ये हौल्डिंगने प्रस्ताव आणला. क्लबाची लिमिटेड कंपनी करा आणि त्या कंपनीने माझी आणि शेजारची ऑरेलची अशा दोन्ही जमिनी विकत घ्याव्यात. ऑरेलने आपल्या बाजूने रस्ता काढायचा हक्क पुढे केला होता, त्यामुळे मैदानाची कडा धोक्यात आली होती. तेव्हा जमीन कायमची घेऊन टाकणं हा विचार म्हणून वाईट नव्हता. मी शाखा व्यवस्थापक असतो तर म्हटलं असतं, चांगला प्रस्ताव आहे, दोन स्वतंत्र माणसांकडून जमिनीचं मूल्यांकन आणा. पण इथे विकणारा, किंमत सांगणारा आणि घेणाऱ्यांचा पुढारी एकच. सभासदांनी प्रस्ताव फेटाळला.

विरोधकांचा म्होरक्या जॉर्ज मॅहन. हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि पेशाने हिशेबनीस. आमच्या जातीचा! त्यांच्यातले काही दारूच्या विरोधातले होते, काही राजकारणात लिबरल होते. त्यामुळे हे भांडण भट्टीवाला विरुद्ध भजनी मंडळ असंही रंगवून सांगतात. थोडं ते असेलही. पण सात-आठ वर्षं त्याच भट्टीवाल्याच्या हॉटेलात कपडे बदलताना कुणाचं तत्त्व आडवं आलं नव्हतं. जमिनीचा प्रश्न पेटला तेव्हाच दारू आठवली. आमच्या वाचनालयात सुद्धा आता लोकांना त्या घराण्याचे चाळीस वर्षांपूर्वीचे दोष आठवायला लागले आहेत.

जानेवारी १८९२ च्या सभेत मॅहनने जागा सोडून जाऊ म्हटलं. दुसरी जागा कुठे आहे, असं कुणीतरी ओरडलं, तेव्हा ती माझ्या खिशात आहे, अशा अर्थाचं तो बोलला. नुसतं बोलला नाही, खरंच बघून ठेवली होती. हा भाग मला फार आवडतो. आपल्याकडे सभेत आवाज चढवणारे पुष्कळ असतात, पर्यायी जागेचा कागद खिशात ठेवून बोलणारा क्वचित.

मार्चमध्ये सभासदांनी हौल्डिंगला क्लबातून काढलं. त्याच्या बाजूला मूठभर लोक उरले. बहुसंख्य सभासद, खेळाडू आणि लीगमधली जागा एव्हर्टनबरोबर गेली. हौल्डिंगने एव्हर्टन हे नाव घालून आधीच एक कंपनी नोंदवून ठेवली होती. म्हणजे नाव आपल्याकडे राखायचा डाव होता. फुटबॉलच्या वरिष्ठ मंडळाने नाव सभासदांचं म्हणून निकाल दिला. जमीन ज्याच्या नावावर त्याची, पण क्लब सभासदांचा. हा निकाल मला अगदी योग्य वाटतो.

नवी जमीन म्हणजे गुडिसन पार्क. पैसा कुठून आणला बघा. क्लबाची लिमिटेड कंपनी केली, शेअर सभासदांमध्ये विकले. त्यांच्या कमिटीत डॉक्टर बॅक्स्टर म्हणून होते, त्यांनी १,००० पौंड बिनव्याजी दिले. म्हणजे हौल्डिंगवर राग होता तो कंपनी करण्याचा नव्हताच. त्यांनी सुद्धा कंपनीच केली, जमीनही विकतच घेतली. फरक इतकाच की शेअर पुष्कळ हातांत गेले आणि कागद क्लबच्या नावावर झाला. ऑगस्ट १८९२ मध्ये मैदान उघडलं. एव्हर्टनचा मुख्य संघ तिथून निघाला तो २०२५ मध्ये, नदीकाठच्या नव्या स्टेडियमात जायला. एकशे तेहतीस वर्षं तो तिथेच खेळला.

आणि हौल्डिंग? इथे माणसाची खरी परीक्षा होते. मैदान आहे, स्टँड आहे, कर्ज आहे, आणि खेळायला संघ नाही. साठीला टेकलेला माणूस. दुसरा असता तर जमिनीचे प्लॉट पाडून विकून टाकले असते. गोव्यात तर तेच झालं असतं, त्याच वर्षी पाया खणला असता. याने नवा क्लब काढला. नाव ठेवलं लिव्हरपूल. जून १८९२ मध्ये ते नाव नोंदलं गेलं. जॉन मॅकेन्ना म्हणून एक आयरिश माणूस हाताशी होता, त्याने स्कॉटलंडमध्ये जाऊन खेळाडू आणले, इतके की सगळ्यांची आडनावं 'मॅक'ने सुरू होतात अशी थट्टा व्हायची. १ सप्टेंबर १८९२ ला पहिला सामना, रॉदरहॅम टाऊनविरुद्ध, ७-१ ने जिंकले. राष्ट्रीय लीगने दारात उभं केलं नाही, तेव्हा लँकेशायर लीगमध्ये खेळले आणि पहिल्याच वर्षी ती जिंकली. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत घेतलं, तिथे १८९३-९४ चा संपूर्ण हंगाम एकही सामना न हरता संपवला. २८ पैकी २२ जिंकले, ६ बरोबरीत. १९०१ मध्ये पहिल्या श्रेणीचं विजेतेपद.

मधल्या काळात, १८९७ मध्ये, हौल्डिंग लिव्हरपूलचा लॉर्ड मेयर झाला. गवळ्याचा मुलगा शहराचा प्रथम नागरिक. मार्च १९०२ मध्ये फ्रान्समधल्या नीस गावी वारला. दोन्ही मैदानांवरचे झेंडे अर्ध्यावर उतरवले होते, आणि त्याच्या शवपेटीला दोन्ही क्लबांच्या खेळाडूंनी खांदा दिला असं सांगतात. ज्या क्लबाने काढलं, त्यानेही. दहा वर्षांत एवढा राग निवळला, कारण दोन्ही बाजूंचं पोट भरलेलं होतं. दोघांकडे आपापलं मैदान होतं.

त्या काळातला हा एकच भट्टीवाला नव्हे. मँचेस्टरला न्यूटन हीथ नावाचा क्लब १९०२ मध्ये कर्जात बुडाला, तेव्हा जे. एच. डेव्हिस नावाच्या भट्टीवाल्याने इतर काही जणांबरोबर पैसे घालून तो वाचवला. नाव बदललं, मँचेस्टर युनायटेड. ओल्ड ट्रॅफर्डचं मैदानही त्याच्याच काळात बांधलं, १९१० मध्ये उघडलं. म्हणजे पैसेवाला माणूस नको असं म्हणणं वेडेपणा आहे. तो नसता तर हे क्लबच राहिले नसते. पण इंग्लंडातल्या फुटबॉल असोसिएशनने हेही ओळखलं होतं. त्यांनी क्लबच्या संचालकांना पगार घ्यायला मनाई केली आणि शेअरवरच्या लाभांशाला मर्यादा घातली. पैसा घाला, मान घ्या, पण क्लब पिळून खायचा नाही. हा नियम लिहिणाऱ्याला धंदा आणि माणूस दोन्ही कळत होते.

आता गोव्याकडे येऊ. आमच्याकडे फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीला एका पाद्र्याने आणला असं मानतात. मुक्तीनंतरच्या काळात तो फोफावला तो खाणवाल्या आणि उद्योजक घराण्यांच्या जिवावर. साळगावकर, धेंपो, ही नावं मैदानावर आधी ऐकली आणि ताळेबंदात नंतर वाचली, अशी आमची पिढी. खेळाडूला कंपनीत नोकरी, म्हणजे गुडघा मोडला तरी घरात चूल पेटायची. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो असे खेळाडू त्या आधारावर देशासाठी खेळले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, साळगावकरने दोन वेळा. या घराण्यांचं ऋण गोव्यावर आहे, हे मी कुठेही उभा राहून सांगेन.

तरीही २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. राष्ट्रीय महासंघाच्या नव्या रचनेला विरोध म्हणून. त्यांची बाजू मला चुकीची वाटली नाही. पण एक गोष्ट तेव्हा जाणवली. निर्णय मालकांनी घेतला आणि आम्ही प्रेक्षकांनी तो वर्तमानपत्रात वाचला. पन्नास वर्षं फातोर्ड्याला, पणजीला, म्हापशाच्या दुलेरला जाऊन ओरडणाऱ्या माणसाला मत नव्हतं, कारण तो सभासदच नव्हता. एव्हर्टनच्या सभासदाला १८९२ मध्ये हात वर करता आला. आम्हाला २०१६ मध्ये हळहळण्याशिवाय काही करता आलं नाही. यात मालकांना दोष नाही. आपण कधी सभासद होण्याची मागणीच केली नाही. कुणीतरी मोठा माणूस करतोय ना, करू दे, ही आपली वृत्ती.

आणि हीच वृत्ती मला आपल्या मराठी संस्थांमध्ये दिसते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांनी जिथे जिथे मंडळं, वाचनालयं, नाट्यगृहं काढली, तिथे बहुतेक ठिकाणी एखाद्या सरदाराने, व्यापाऱ्याने, वकिलाने जागा दिली. सरकार आपलं नव्हतं, अनुदान नव्हतं, देणार कोण? त्यांनी दिलं म्हणून आपली मुलं मराठी वाचू शकली. पण देणाऱ्याच्या हयातीत कागद करून घेणं आपल्याला उद्धटपणा वाटला. "बापूंच्याकडे कागद मागायचा?" मागायचा. बापू होते तेव्हाच मागायचा. बापूंचा शब्द बापूंबरोबर जातो, आणि नातवाला वारसात शब्द मिळत नाही, सात-बारा मिळतो. आमच्याकडे एक-चौदा.

बँकेत असताना एका मंडळाची फाइल माझ्याकडे आली होती. सभागृहाच्या दुरुस्तीसाठी कर्ज हवं होतं. जागा अध्यक्षांच्या नावावर, आधीचं कर्ज अध्यक्षांचंच, हमीदार म्हणूनही अध्यक्षच. मी विचारलं, उद्या मंडळाने हप्ता चुकवला तर मी नोटीस कुणाला पाठवू आणि ती सही करून घेणार कोण? सगळे हसले. पण कर्ज मंजूर झालं नाही. पुढे जागेचा दावा कोर्टात गेला आणि सभागृहाला कुलूप लागलं. आज त्या पायऱ्यांवर कुत्री झोपतात. ना त्या घराण्याला भाडं मिळालं, ना मंडळाला नाटक करता आलं.

म्हणून आमच्या सभेत मी जे मांडणार आहे ते इथेही मांडतो.

पहिलं म्हणजे नातवाची मागणी हा अपमान समजायचा नाही. तो आपल्या मालमत्तेबद्दल बोलतोय. 'लाज नाही वाटत' हे वाक्य सभेत उच्चारायचं नाही. जागेचं मूल्यांकन दोन स्वतंत्र मूल्यांककांकडून करून घ्यायचं, एक त्यांनी निवडावा, एक वाचनालयाने.

दुसरं, चर्चा चालू असेपर्यंत अध्यक्षपद त्या घराकडे नको. त्यांनी स्वतःहून बाजूला व्हावं, आपण ते मानाने स्वीकारावं. यात त्यांचंच भलं आहे. हौल्डिंग १८९१ मध्ये अध्यक्षपदावरून उठला असता आणि नुसता जमीनमालक म्हणून समोर बसला असता, तर कदाचित अ‍ॅनफिल्ड योग्य भावात विकली गेली असती.

तिसरं, छपराला घातलेले पैसे. ते देणगी होते असं आपण छातीठोक म्हणू शकत नाही, आणि ते कर्ज होतं असं ते सिद्ध करू शकत नाहीत. मध्यावर या. मुद्दल किमतीत धरा, व्याज त्यांनी सोडावं. तडजोडीची प्रकरणं आम्ही बँकेत अशीच मिटवली.

चौथं, पैसा. गावातून, मुंबईहून, आखातातून, स्विंडनला गेलेल्या पोरांकडून छोट्या रकमा जमवायच्या. एकाच दात्याकडून सगळी रक्कम घ्यायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. नाहीतर एका भाटकाराकडून सुटून दुसऱ्याच्या भाटात. बॅक्स्टर डॉक्टरांसारखा बिनव्याजी देणारा कुणी भेटला तर त्याचं सोनं झालं, पण तेही ठरावात लिहायचं. रक्कम, मुदत, परतफेड.

पाचवं, त्या आजोबांची तसबीर आहे तिथेच राहील. व्यवहार पुरा झाला की उतरवा, असं एकजण पारावर बोलला म्हणून हे मुद्दाम लिहितो. जागा विकत घेतली म्हणून त्यांनी आधी दिलेली साठ-सत्तर वर्षं आपली होत नाहीत.

काही जण म्हणतील, तुम्ही फार कागदी बोलता, संस्था भावनेवर चालतात. चालतात, मान्य. एव्हर्टनचे सभासदही भावनेनेच पेटले होते. पण मॅहनने भावनेबरोबर जमिनीचा करार आणला, बॅक्स्टरने पैसे आणले, तेव्हा मैदान झालं. नुसती भावना असती तर १८९२ च्या हंगामात ते बागेत परत गेले असते, आणि बागेत तिकीट लावता येत नाही.

आणखी एक शंका येईल, की पर्यायी जागा खिशात नसेल तर? आमच्याकडे नाही, खरं सांगतो. म्हणूनच मी तुटेपर्यंत ताणू नका म्हणतो. ज्याच्याकडे दुसरी जागा नाही त्याने आवाज चढवू नये. जुन्या प्राथमिक शाळेची एक खोली रिकामी आहे, तिच्यासाठी पंचायतीकडे अर्ज करून ठेवला आहे. मिळेल न मिळेल. पुस्तकं पाच हजारांच्या वर आहेत, निम्म्यांना वाळवी लागायच्या बेतात आहे. कुलूप लागून दोन पावसाळे गेले तर भांडायला काही उरणार नाही.

आता तुम्हाला विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठेही असा. तुमच्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, गणेशोत्सवाच्या जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते एकदा बघा. संस्थेच्या नावावर असेल तर ज्यांनी तो वेळेवर करून घेतला त्यांचं नाव इथे लिहा, आम्हालाही कळू द्या. नसेल, आणि देणारे अजून हयात असतील, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, पेढे न्या, तब्येत विचारा, आणि मग कागदाचा विषय काढा. ज्यांच्या संस्थेने असा व्यवहार तंट्याशिवाय मिटवला असेल, त्यांनी ठरावाचा मसुदा कळवला तर फार उपयोग होईल. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे.